तुळईला चिकटवलेले टीपकागद

मी एक जुनी तुळई आहे. आता माझा हातभर तुकडाच उरला आहे आणि त्यावर लोक बसतात. बसा बापडे. पण मित्रांनो, टेकण्याआधी माझे चार शब्द ऐकून घ्या.

एका बाइंडरच्या कारखान्यात मी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आडवी होते. सुताराने तासले तेव्हा माझ्यात एक गाठ निघाली नाही. फुशारकी नाही मारत, नव्हतीच तर नव्हती म्हणते. माझ्याखाली पुस्तके शिवली जायची, पुठ्ठे कापले जायचे, खळ शिजायची. माझ्या खिळ्यांना दोऱ्याच्या लडी टांगलेल्या असायच्या. म्हातारा मालक गिऱ्हाइकाला वर बोट करून सांगायचा, "ही आहे तोवर छपराची चिंता नाही." दर वर्षी शिडी लावून स्वतः मला तेल चोळायचा.

तो गेला आणि कारभार त्याच्या मुलाकडे आला. हा बाइंडर हाताचा कसबी, पण मान वर करून बघायची सवय नाही. तेल बंद झाले ते झालेच. वजन मात्र मी पेलायचे. ते कोणी बंद केले नाही.

मोरीकडच्या भिंतीला ओल होती आणि तिला लागूनच कागदांचे गठ्ठे रचलेले. वाळवीला आणखी काय हवे? गठ्ठ्यांमागून मातीच्या नळ्या बांधत ती वर चढली आणि माझ्या टोकात शिरली. बाहेरून मी तशीच रुबाबदार, आतून भुगा. बाइंडरच्या मुलाने एकदा सहज काठी टोचली. ती आरपार गेली, तेव्हा कुठे सगळ्यांच्या माना वर झाल्या.

बाइंडरची मुलगी दुसऱ्या गावी किडींच्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती एक बाटली घेऊन आली.

"बुरशीचा अर्क आहे, बाबा."

बाइंडरने हातातला ब्रश खाली ठेवला. "पुस्तकांना बुरशी लागू नये म्हणून मी जन्मभर जिवाचं रान केलं. आणि तू ती बाटलीत भरून आणलीस?"

"फवारा मारला तर वर दिसतात तेवढ्याच मरतील. त्यांचं घर जमिनीत आहे. ही बुरशी कोवळी असताना अर्क काढलाय, बी धरायच्या आधी. बी धरलं की वाळवी तिच्यापासून पळते, पण कोवळीचा वास तिला आवडतो. ती यात भिजवलेला कागद खाईल, घरी जाऊन बाकीच्यांना भरवेल आणि अख्खं वारूळ या बुरशीनं मरेल."

"मग ताटं मांडू का त्यांच्यासाठी?" तिचा भाऊ म्हणाला.

"मांड की, दादा. फक्त वाढून झालं की लुडबुड करू नकोस."

खरे सांगते, मलाही किळस आली. बुरशी आम्हा लाकडांची जुनी वैरीण. पण जीव जात असताना नखरे करण्याइतकी मी खुळी नाही.

तिने टीपकागदाचे तुकडे अर्कात भिजवून वाळवले. निघताना बजावले, "दोऱ्याने बांधा. दुसरं काही लावू नका. आणि मातीच्या नळ्या मोडू नका."

"कागद कसा लावायचा हे तू मला शिकव," बाइंडर म्हणाला. पण पोरीच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला. तिला बरे वाटले.

तो शिडीवर चढला. पहिला कागद दोऱ्याने बांधला. तो वाकडा लोंबू लागला. शेंबडे पोर पाहुण्यांपुढे आल्यावर बघावे, तसे त्याने त्या कागदाकडे पाहिले. "असं लोंबकळतं काम माझ्या कारखान्यात?" असे पुटपुटत खाली उतरला आणि खळीचे भांडे घेऊन आला. दोरा सोडला आणि एकेक कागद मला चिकटवला. कडा सरळ, कोपरे काटकोनात.

मित्रांनो, बाइंडरच्या खळीत मोरचूद असतो. निळा, विषारी खडा. पुस्तकाला कीड आणि बुरशी लागू नये म्हणून तो घालतात. स्वयंपाकात मीठ पडते तसा तो या बाइंडरच्या हातून खळीत पडायचा, लक्ष नसतानाही. पहिला ब्रश फिरला तेव्हाच मला कळले. पण तुळईला तोंड कुठे असते? तोंड ज्यांना होते ते स्वतःच्या कामाकडे बघून खूश होते.

वाळवी कागदापाशी यायची, थबकायची आणि वळसा घालून पुढे माझ्यातच शिरायची.

"खाताहेत का, बाबा?" मुलगी फोनवर विचारायची.

"लावलेत. अगदी ओळीत लावलेत."

एके दुपारी सगळे अंगणात जेवत असताना मी मोडले. कोणाला खरचटलेही नाही. एवढे तरी मी माझ्या हिशेबाने केले, असे समजा. मुलाने बहिणीला फोन केला. "तुझ्या बाटलीपेक्षा लोखंड बरं." ती एवढेच म्हणाली, "कागद टाकू नका. मी येऊन बघते."

ती यायच्या आधी बाइंडर एकटाच माझ्यापाशी उकिडवा बसला. प्रत्येक कागद जसाच्या तसा होता. भोवती मातीच्या नळ्यांचे वळसे आणि कडेला निळसर खपली. त्याने नखाने ती खरवडली. निळे झालेले नख उजेडात धरून पाहिले. मग जुन्या पुस्तकाची पाठ सोडवावी तितक्या हळुवार त्याने एकेक कागद सोडवला आणि खळीच्या चुलीत घातला.

"कागद कुठेत, बाबा?" लेकीने आल्या आल्या विचारले.

"गेले राडारोड्यात."

"एकही नाही?"

"नाही."

तिने माझा भुगा चिमटीत घेतला. "मग माझंच काहीतरी चुकलं असेल."

"असेल," बाप म्हणाला.

इतकी वर्षे मी त्या माणसाचे छप्पर डोक्यावर घेतले. त्या एका शब्दाइतके जड मला काही लागले नाही.

तिने ते काम सोडले. आता कुठल्याशा कचेरीत दिवसभर शिक्के मारते. माझ्या जागी लोखंडी गर्डर आला आणि माझे न पोखरलेले टोक कापून मुलाने बसायला ठोकळा केला. त्यावर निळ्या खपलीचा एक कागद नजरेतून सुटून राहून गेला होता. बाइंडरने तो पाहिला, नख लावले आणि तिथेच थांबला. मग ती बाजू जमिनीकडे करून मला ठेवून दिले. का, ते त्यालाच ठाऊक. मी त्याचे छप्पर पेलत होते, त्याचे मन नाही.

लेक अधूनमधून येते. माझ्यावरच बसते. बाप तिच्या हातात चहा देतो आणि दुसरीकडे बघतो.

लाकडाला तेल लावा, भिंतीची ओल काढा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझे मागणे निराळे आहे. ती बसलेली असताना तुमच्यापैकी कोणी तिथे असेल, तर तिला म्हणा, "ताई, जरा ऊठ." आणि मित्रांनो, मला उलटून ठेवा.