स्टॅनमोरच्या बागेतले वाइनचे पिंप

मित्रांनो, मी एक जुने पिंप आहे. ओकच्या फळ्या विस्तवावर वाकवून, लोखंडी कड्यांनी आवळून मला बनवले. माझ्यात खिळा नाही, डिंक नाही. ओलाव्याने फळ्या फुगतात आणि एकमेकींना घट्ट धरतात, एवढेच.

दक्षिण फ्रान्समधल्या एका टेकडीवर मादलेनबाईंचा वाइनचा कारखाना होता. दर सप्टेंबरला द्राक्षे यायची, सगळे अंगण चिकट व्हायचे आणि नवा रस माझ्या पोटात बुडबुडत राहायचा. मला कोरडे पडू द्यायचे नाही, ही बाईंची शिस्त. "हे माझं सगळ्यात भरवशाचं पिंप," असे त्या पाहुण्यांना सांगत. पुढे त्यांच्या वाइनला गिऱ्हाईक उरले नाही. १९८८ साली वेली उपटल्या, कारखान्याला कुलूप लागले आणि मी ट्रकमधून इंग्लंडला आले.

स्टॅनमोरच्या सुप्रभाकाकूंनी मला पावसाचे पाणी साठवायला घेतले.

"अगं, वाइनचं पिंप? गुलाब झिंगतील," त्यांचे यजमान पद्माकरकाका म्हणाले.

"झिंगू देत. तुम्ही हसलात तरी."

काही वर्षे मी काठोकाठ भरलेले असे. मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या. काकांनी बागेत येणेच सोडले. १९९५ च्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता. मी कोरडे पडले, कडी सैल झाली, फळ्यांतून उजेड दिसू लागला.

अडगळ काढायला त्यांच्या मुलीने, गिरिजाने, स्किप म्हणजे कचरा नेणारी मोठी लोखंडी पेटी मागवली. "बाबा, हे पिंप पण टाकू या. तुटलं आहे."

"तुझ्या आईनं आणलंय ते. थांब."

काकांनी कडी ठोकून बसवली आणि भांडी विसळलेले पाणी माझ्यात ओतले. ते सगळे बुटांवर आले.

"बाबा, काय उपयोग? शनिवारी स्किप जाणार."

"आमच्या रत्नागिरीला पावसाळाभर शाकारून ठेवलेल्या होड्या पाण्यात घातल्या की अशाच गळतात. कुणी फेकत नाही त्यांना."

रोज सकाळी काका बादली घेऊन बागेत येऊ लागले. धार बारीक झाली, मग थेंब. शुक्रवारी ऑफिसला निघालेली गिरिजा दुसरी बादली घेऊन आली.

"शूज भिजतील गं."

"भिजू देत. तुम्ही ओता."

त्या दिवशी माझ्यातून थेंबही गळला नाही. शनिवारी स्किप मला न घेताच गेली.

मित्रांनो, एखादे जुने कोरडे पडले म्हणजे ते मोडले असे समजू नका. पाणी घाला. पहिल्या दिवशी सगळे वाहून जाईल. दुसऱ्या दिवशी पुन्हा घाला.