पूजेला बसलेला हातोडा

मित्रांनो, मी एक जुना हातोडा आहे. लोहाराचा नव्हे, वीतभर लांबीचा, लाल दांड्याचा, बसची काच फोडण्यासाठी केलेला.

माझा जन्म कायद्याच्या पोटी झाला. संकटात बाहेर पडायला बसमध्ये हातोडा हवाच, असा नियम आला आणि जळकोटच्या एका खासगी बसमध्ये मागच्या खिडकीजवळ मला खोबणीत बसवलं. तपासणीचे साहेब मला बघून मान डोलवत आणि सही करत. एरवी लोक माझ्यावर पिशव्या अडकवत. ड्रायव्हर महांतेश मात्र रोज मला फडक्यानं पुसायचा. फार जीव होता त्याचा माझ्यावर.

खंडेनवमीला त्यानं बस धुऊन हार घातला आणि पान्यांबरोबर मलाही घरी नेलं. त्याच्या आईनं, शिवम्मानं, आम्हाला पाटावर मांडून हळदकुंकू वाहिलं. शेजारच्या शांताक्कानं माझ्यावर झेंडू ठेवला आणि तुळजापूरला जाणाऱ्या आमच्याच बसमध्ये जागा धरायला ती लगबगीनं निघाली. महांतेशनं मला उचलायला हात पुढं केला.

"आरं, पुजल्यालं हत्यार आज हलवायचं न्हाय," शिवम्मा म्हणाली.

"पर अव्वा, गाडीत लागतंय ते. कायदा हाय."

"एका दिसानं काय हुतंय? सणाला कोण साहेब येतंय तपासायला?"

तो हसला आणि तसाच गेला. खरं सांगतो, मला बरं वाटलं. एवढा मान कधी मिळालाच नव्हता.

संध्याकाळी महांतेश परतला. दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. वळणावर बस दाराच्या बाजूनं कलंडली होती आणि आत धूर कोंडला होता.

"अव्वा, शांताक्का गेली," तो उंबऱ्यातच बसला. "रिकाम्या खोबणीत चाचपत हुती ती. म्या बाहेरनं दगडानं काच फोडस्तवर उशीर झाला."

शिवम्मा पाटाशी येऊन बसली. पदरानं माझ्यावरचं कुंकू पुसत राहिली, पुसून झालं तरी पुसत राहिली. मला माझी लाज वाटली.

मित्रांनो, कायदा करणाऱ्यांनी मला शांताक्कासाठी पाठवलं होतं, आणि आम्ही सगळे मी साहेबांना दाखवण्यासाठीच आहे असं समजत होतो. तुम्ही बसमध्ये चढलात की माझी जागा बघा. ती रिकामी असेल तर मोठ्यानं विचारा, लोक हसले तरी विचारा. आणि मला आणून बसवल्याशिवाय गाडी हलू देऊ नका.