नाद्याचं वझं

विश्वजितचा फोन आला की आताशा उचलू का नको हुतंय. पुण्याच्या म्युझिक कंपनीतला माणूस. बोलतोय गोड, पण पिच्छा सोडत न्हाय. "श्रीशैल, सहीचं काय झालं?" एवढंच इचारतोय. अरं, मी काय वकील हाय व्हय? मी साऊंडवाला. लग्नाला, जत्रंला स्पीकर भाड्यानं देतो, आणि दुकानामागच्या खोलीत भिंतीला गाद्या ठोकून रेकॉर्डिंग करतो. त्याच खोलीत आमचा नाद्या घडला.

नाद्या म्हंजे अरीब. सदर बाजारातला, माझा शाळेपासनंचा दोस्त. रॅप करायचा, ते बी आपल्या कोल्हापुरी भाषेत, कुणाची भीडभाड न्हाय. बीट माझी, शब्द त्याचं. पोरं येडी हुती त्याच्यापायी. गेल्या साली पन्हाळ्यावरनं उतरताना गाडी घसरली आणि खेळ खलास. आता वर्ष भरत आलंय, तर कंपनीला त्याची निवडक हिट गाणी एका अल्बममधी काढायचीत. मूळ रेकॉर्डिंगं सगळी माझ्या कॉम्प्युटरात. सही पायजे त्याच्या आईची, फातिमा चाचीची. आणि चाची सही करत न्हाय.

मला वाटलं, दुःखात हाय, जरा दमानं करंल. पण नाद्याच्या धाकट्या बहिणीनं, तहरीमनं, मला जिन्यातच गाठून खरं काय ते सांगितलं. मयतीला आलेल्या कुठल्याशा बाईनं चाचीच्या कानात घातलं हुतं की गाणंबजावणं करून गेलेल्याला सुटका न्हाय. हितं त्याचं गाणं जितक्यांदा वाजतंय, तितक्यांदा तिकडं कबरीत त्याच्यावर वझं चढतंय. मौलानांनी समजावलं की बाई, ते अल्लालाच ठाऊक, तुमी दुवा मागा. पण एकदा मनात शिरलेलं निघतंय व्हय?

तवापासनं चाचीचा जीव थाऱ्यावर न्हाय. गल्लीतनं एखादी रिक्षा धाड धाड बीट वाजवत गेली की तिची शिलाई मशीन थांबायची. आत जायाची, तसबीहची माळ हातात घ्यायची, ओठ हलत राहायचं. गाव कौतुकानं त्याचं गाणं लावतंय, आणि ही माऊली एकेका वाजण्याला एकेक दुवा टाकून वझं उतरवत बसलीया. जेवण न्हाय, झोप न्हाय. निम्मी झालती.

मी वर गेलो तर तिनं सहीचा कागद हातात बी घेतला न्हाय. म्हणाली, "श्रीशैल, गाणी तुझ्याकडंच हाईत न्हवं? पुसून टाक बाबा. मोकळं कर त्याला."

मी म्हटलं, चाची, फोनाफोनात पोचलीत ती, माझ्याकडची पुसून काय हुणार? तर म्हणाली, हाईत ती हाईत, निदान नवीन वझं तरी नको चढाया. मी बघतो म्हणून उठलो. पायऱ्या उतरताना मला नाद्याचाच असला राग आला. आयला, जायाचंच हुतं तर ही गाणी तरी बरोबर न्यायची हुतीस की लेका. मला कशाला ह्यात घातलंस?

आणि मला आणखी एक भ्या हुतं.

नाद्या माळ्यावर झोपायचा, दुपारपतोर. चाची खालनं रोज बोंबलायची, "ऊठ रं मुडद्या, दिस कुठं आला बघ!" ह्या बहाद्दरानं एकदा चादरीत पडल्या पडल्या ती हाक फोनवर रेकॉर्ड केली आणि गाण्याच्या सुरवातीलाच टाकली. तेच त्याचं सगळ्यात मोठं गाणं झालं. कार्यक्रमात त्यो माईक लोकांकडं धरायचा आणि अख्खं मैदान वरडायचं, ऊठ रं मुडद्या! सगळ्या कोल्हापूरला पाठ असलेली हाक, फक्त जिची हुती तिलाच पत्ता न्हाय. तिच्या घरात गाण्याला बंदी. रिक्षातनं आलं तर लांबनं नुसतं धाड धाड, आणि जवळ येईपतोर ही आत दुवा मागत बसलेली. गल्लीनं बी कळू दिलं न्हाय. त्यो हुता तवा सगळी हसायची ह्यावर. आता सांगा, पोरगं बागल चौकाच्या कबरस्तानात मातीखाली, आणि त्याला मुडद्या म्हणून उठवणारा आईचा आवाज गावभर. ती ऐकून वाचंल का? आणि विश्वजितला नेमकं तेच गाणं अल्बमात पहिलं पायजे हुतं.

म्हटलं, पुसूनच टाकू. चाचीचं बी समाधान आणि माझी बी सुटका. एका दुपारी बसलो, सगळी गाणी निवडली. कॉम्प्युटरनं इचारलं, नक्की का म्हणून. माझं बोट काय चालंना. गाण्याआधी त्यो घसा साफ करायचा, ते बी हाय त्यात. चुकला की स्वतःलाच शिव्या द्यायचा, ते बी हाय. माझ्याकडं त्याचं तेवढंच उरलंय, हे कुणाला कळतंय का? कॉम्प्युटर बंद केला.

तर आठ-धा दिसांनी चाची स्वतःच दुकानात हजर. तहरीमच्या स्कूटरवर मागं बसून. मागच्या खोलीत आली, गाद्यांकडं बघितलं, स्पीकरच्या पेटीवर बसली आणि म्हणाली, पुसलीस का? मला खोटं बोलता येत न्हाय तिच्याफुडं. मान हलवली. म्हणाली, मग पूस, माझ्या म्होरं पूस.

मी कॉम्प्युटर लावला. गाणी निवडली, तेवढ्यात ती म्हणाली, "थांब. जायाचीच हाईत तर एकदा ऐकू दे. काय करत हुता त्यो हितं, मला कधी कळलंच न्हाय."

मी तहरीमकडं बघितलं, तिनं माझ्याकडं. मी आपला रंकाळ्यावरचं एक साधं गाणं लावलं. चाची ऐकत राहिली, मधीच पदर तोंडाला लावला. संपल्यावर म्हणाली, हे न्हवं, रिक्षात वाजतंय ते. मी म्हटलं, त्याची फाईल जरा खराब झालीया. ती काय जागची उठंना. मग मी ते गाणं मधनंच सुरू केलं.

"पहिल्यापासनं लाव," चाची म्हणाली.

लावलं. काय करणार? डोळं मिटूनच बटण दाबलं. खोलीत ती हाक घुमली आणि बीट सुरू झाली. मी आवाज बारीक केला.

"कोण गं ही बाई?" चाचीनं तहरीमला इचारलं. "केवढ्यानं वराडतीया."

तहरीमच्या डोळ्यातनं पाणी आलं. "अम्मी, तूच की ती."

चाची हलली न्हाय. मला वाटलं आता हिचं काय खरं न्हाय, पाणी आणायला म्हणून उठलो, तर तिनं हातानं खाली बसवलं. परत लाव म्हणाली. लावलं. परत लावलं. तिसऱ्यांदा तिचं ओठ त्या हाकंबरोबर हलायला लागलं.

"मुडद्या म्हटलंय मी त्याला," ती म्हणाली. "रोज म्हणायची. रोज उठायचा."

बाहेर कुणीतरी शटर वाजवत हुतं, वाजवून गेलं. चाची डोकं खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. मग एकदम माझ्याकडं वळली आणि इचारलं की हे गाणं वाजतंय तवा दर खेपंला आपला आवाज बी वाजतोय का. मी म्हटलं, व्हय. पयल्यापासनं? व्हय, चाची, पयल्यापासनं.

"मग मी बी हाय की त्यात. ह्या गाण्याचं जे काय वझं असंल ते अर्धं माझं."

मी लिंगायताचा, मला त्यातलं काय कळणार? पण चाचीचा चेहरा किती महिन्यांनी सैल झालता. ताप उतरल्यावर माणूस दिसतंय तसा.

"बाकीच्या गाण्यात हाय का मी?"

"न्हाय चाची. त्यात त्यो एकटाच हाय."

"घाल."

मला कळंना. तहरीम अम्मी अम्मी करत उठली. चाचीनं तिला बाजूला सारलं.

"सगळ्यात घाल मला. एकट्या लेकराच्या डोक्यावर कशाला?"

विश्वजित काय म्हणंल, ते गाण्यात बसंल का, ह्यातलं काय बी माझ्या डोक्यात आलं न्हाय. मी माईक खाली घेतला, तिच्या उंचीला. नाद्याचा हेडफोन तिच्या डोक्यावर बसवला, लई ढिला पडला, तिनं एका हातानं धरून ठेवला. काय म्हणू, तिनं इचारलं. मी म्हटलं, तुमी रोज म्हणायचा तेच म्हणा.

रेकॉर्डिंग सुरू केलं. चाचीनं डोस्कं वर केलं, माळ्याकडं बघायची तसं, आणि हाक मारली.

"अरीब, ऊठ रं. दिस कुठं आला बघ."

त्यो एक शब्द काय तिनं घेतला न्हाय. हाक मारून ती तशीच वर बघत थांबली. रोज बी अशीच थांबत असणार, वरनं त्याचा आवाज येईपतोर. माझं बोट बटणावर हुतं, रेकॉर्डिंग चालूच हुतं, आणि मला काय ते बंद करवंना.

मग तिनंच मान खाली केली, हेडफोन सरळ केला आणि म्हणाली, "व्हय, आता दुसरं लाव."