खोली तयार होतेय

ताईने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. बाबा सकाळी एक चाल गुणगुणायचे, ती गिटारवर वाजवून, नीट रेकॉर्ड करून पाठव म्हणाली. ती नुकतीच निवृत्त झाली होती, तिच्याकडे आठवणी काढायला वेळ होता आणि माझ्याकडे गिटार होती. काम जेमतेम तीन मिनिटांचं. मी त्याला आठ महिने लावले.

माझं चष्म्याचं दुकान आहे. दिवसभर लोकांना विचारायचं, "आता स्पष्ट दिसतंय की मघाशी?" पहिलं रेकॉर्डिंग ऐकल्यावर मी स्वतःलाही तसंच काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं की स्पष्ट काहीच नाही. रिकाम्या पाण्याच्या टाकीत बसून कुणीतरी गिटार वाजवतंय असं वाटत होतं. दोष माझा असेल ही शंकासुद्धा मनाला शिवली नाही. दोष खोलीचा, आणि थोडाफार होताही. मागच्या खोलीत उघडी फरशी, समोरासमोर कोऱ्या भिंती आणि एक लोखंडी कपाट. टाळी वाजवली की भिंती ती एकमेकींकडे फेकत बसायच्या.

मग मी अभ्यासाला लागलो. जेवणाच्या सुट्टीत, कधी कधी सुट्टी नसतानाही, व्हिडिओ बघायला लागलो. एका आजींच्या डोळ्यांसमोर भिंग बदलता बदलता मी विचारलं, "आता घुमतंय का?" त्यांनी बिचाऱ्यांनी कानाला हात लावून पाहिला.

पहिला प्रयोग अंड्यांच्या ट्रेंचा. बेकरीवाल्याने साठ ट्रे दिले, शिवाय "एवढी अंडी?" असं डोळ्यांनी विचारलं. दोन भिंती भरल्या. आवाजात काडीचा फरक पडला नाही, फक्त खोलीला वास यायला लागला.

बायकोने दारातून डोकावून विचारलं, "कोंबड्या कधी येणार?"

मी मान वर केली नाही. संशोधकाला घरातून असाच त्रास होतो, अशी मी मनाची समजूत घातली.

दुसरा प्रयोग काळ्या टोकदार फोमचा. हा पातळ फोम मी चारही भिंतींवर चिकटवला. आता गिटारची सगळी चमक गेली आणि खालचा घुमारा मात्र तसाच राहिला. वाद्याला सर्दी झाल्यासारखं. शिवाय शेजारच्यांचा मिक्सर पूर्वीइतकाच ठणठणीत ऐकू येत होता. मी तावातावाने फोमवाल्याला फोन केला.

"साहेब, हा आतला आवाज आवरायला असतो," तो शांतपणे म्हणाला. "बाहेरचा अडवायला भिंत लागते."

"भिंत आहे की!"

"मग अजून जाड लागते."

दर रविवारी ताईचा फोन यायचा. "झालं का रे?"

"खोली तयार होतेय, ताई."

"वाजवतोयस की घर बांधतोयस?"

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, कितीही लाज वाटली तरी. माझी बायको एकोणीस वर्षं इस्पितळात लोकांचे कान तपासते. आवाज बाहेरून येऊ नये आणि आत घुमू नये म्हणून खास बांधलेल्या खोलीशेजारी तिचा सगळा दिवस जातो. सात महिन्यांत मी फोमवाल्याला विचारलं, बेकरीवाल्याचं मत घेतलं, अनोळखी माणसांचे व्हिडिओ पाहिले. तिला विचारावं हे सुचलं नाही.

शेवटी एका दुपारी मी वाजवत असताना छताजवळचा फोमचा पट्टा सुटला आणि थेट माझ्या डोक्यावर आला. मी ओरडलो. ती धावत आली, मी धडधाकट आहे हे बघितलं, आणि खोलीच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवली. मग कोपऱ्यात जाऊन दुसरी.

"निम्मा फोम काढ," ती म्हणाली. "खालचा घुमारा कोपऱ्यांत साठतोय, तो असल्या पातळ फोमला दाद देणार नाही. तिथे वीतभर जाडीची काचेची लोकर लागेल, छपराखाली उष्णता अडवायला घालतात ती. भिंतीपासून जराशी सुटी ठेवायची. खाली सतरंजी घाल. आणि कोपऱ्यात पाठ करून बसू नकोस."

"तुला हे कसं माहीत?"

तिने पडलेला पट्टा उचलून माझ्या हातात दिला. "मी नोकरी कसली करते?"

मी भिंतीवरचा फोम सोलायला लागलो.

"दिवसभर लोकांना सांगते, ऐकू आलं की बटण दाबा," ती म्हणाली. "घरी मात्र कुणी बटणच दाबत नाही."

दोन रविवार आम्ही दोघांनी मिळून लाकडी चौकटी केल्या. हातमोजे, तोंडाला फडकं, चौकटीत लोकर, वरून जुने पडदे ताणून बसवलेले. तिच्या चौकटी काटकोनात आल्या. माझी एक अशी आली की ती कपाटामागे लावायची ठरलं.

मग मी टाळी वाजवली. टाळी वाजली आणि संपली. एवढंच. मला भरून आलं.

माईक गिटारच्या भोकासमोरून काढून मानेच्या मुळाशी, हातभर अंतरावर लावला आणि वाजवलं. ऐकायला बसलो तर एकेक सूर लख्ख. पण अनामिका कुठे तारेवर नीट बसत नाही, कुठे बोट घसरताना किंचाळतं, तिसऱ्या ओळीला मी गाडी सुटल्यासारखा कसा धावतो, तेही लख्ख. सात महिने त्या खोलीने माझी अब्रू झाकली होती आणि मी तिलाच नावं ठेवत होतो.

बायकोने कानावरचे हेडफोन हळूच उतरवले. "खोली छान झालीय."

"आणि वाजवणं?"

"खोली खरंच छान झालीय."

त्यानंतर महिनाभर मी फक्त सराव केला, जो पहिल्याच दिवशी करायला हवा होता. बऱ्यापैकी जमल्यावर ताईला पाठवलं. तिचा लगेच फोन आला.

"आवाज किती स्वच्छ रे! शेजारी बसून वाजवल्यासारखा." मग म्हणाली, "पण ही चाल कुणाची?"

"कुणाची म्हणजे? बाबांची."

"छे! ही तर जिन्यातून पोस्टमनकाका शिट्टी मारत यायचे ती."

मी वाद घालायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती गुणगुणायला लागली. चार सूर ऐकले आणि मी उघडलेलं तोंड मिटलं. बाबा. अगदी बाबा. लहानपणी मीच कुठेतरी दोन्हीची सरमिसळ केली होती.

"ताई, तू इकडेच ये," मी म्हणालो. "समोर बसून गुणगुण."

ती पुढच्याच आठवड्यात आली. सतरंजीवरच्या खुर्चीत अवघडून बसली, चौकटींकडे बघून म्हणाली, "दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय." बायकोने हेडफोन घातले. मला सांगितलं, "तू मोजकंच वाजव. त्या थांबतील तिथे एक सूर, बस."

ताई सुरू झाली. आवाज थोडा कापत होता, श्वासही ऐकू येत होता, पण खोलीने त्यात स्वतःचं काही मिसळलं नाही. मध्येच ती गप्प झाली. मी आज्ञाधारकपणे गिटारवर हात ठेवला, तर दोघींनी एकदमच डोळे वटारले.

"तिथे बाबा नाकाखाली वस्तरा फिरवायचे," ताई म्हणाली. "तिथे गुणगुणता यायचं नाही. गप्पच राहायचं."

पुन्हा घेतलं. त्या जागी तिघेही गप्प बसलो आणि मग ताईने पुढची ओळ उचलली. ऐकताना ती हसली, मग डोळे पुसले, मग म्हणाली, पुन्हा लाव.

तिला आता आईच्या दोन चाली आठवल्यात. त्यासाठी ती पुढच्या महिन्यात राहायलाच येणार आहे. काय घ्यायचं, कसं घ्यायचं, हे सगळं दोघींनी फोनवर ठरवून टाकलंय. मला फक्त खुर्च्या मांडायला सांगितलंय.