आधी अरक, मग पाणी

सलवाने कोंबडीच्या काळजांवर लसूण टाकला, तवा विस्तवावरून उतरवला आणि मगच त्यात दोन चमचे अरक, घरची बडीशेपेची दारू, ओतला. बडीशेपेचा वास दरवळला. बाहेर मांडवाच्या सावलीत तिचे वडील, मित्री, ग्लास मांडत होते. झाहले शहराच्या वरच्या अंगाच्या या घरात उभा जन्म अरक त्यांनीच गाळला होता, आणि रविवारी मेजावर भरायचा तोही त्यांनीच.

"यंदा भट्टी मी पेटवणार," गत्तास, तिचा थोरला भाऊ, दारात येऊन म्हणाला. "बाबा विसरतात. एक दिवस घर पेटवून ठेवतील."

"दादा, हळू बोल. काही विसरत नाहीत ते."

ती तवा घेऊन त्याच्यामागून बाहेर आली. मित्रींनी तिन्ही ग्लासांत आधी बर्फ टाकून वर अरक ओतला होता. गारठ्याने बडीशेपेचं तेल गोठून मेणाच्या कपच्यांसारखा पापुद्रा धरला होता. आधी अरक, मग पाणी, शेवटी बर्फ. दोघांना हे शिकवलं होतं त्यांनीच.

गत्तास ग्लासांकडे बघतच राहिला.

"बर्फ मी टाकून ठेवला होता," सलवा घाईने म्हणाली.

"तू? मग तुलाही भट्टीजवळ फिरकू द्यायला नको."

तिने मान खाली घालून ऐकून घेतलं.

मित्रींनी एक ग्लास उजेडात धरला. बराच वेळ पाहिला.

"ती आत होती, गत्तास. बर्फ मी टाकला." मग तिच्याकडे वळून, "माझ्यासाठी खोटं बोलायची वेळ आली, म्हणजे माझं झालंच की गं, पोरी."

काळजं तव्यात निवत होती.

"नवे ग्लास आण."

तिने आणले. त्यांनी बाटली आणि पाण्याची सुरई तिच्यापुढे सरकवली. "भर. भट्टीही तूच पेटव. याला घाई फार, आच वाढवून सगळा अरक करपवेल."

"बाबा..." गत्तास म्हणाला.

सलवाने एक भाग अरक, दोन भाग पाणी घातलं. ग्लास दुधासारखे पांढरे झाले. मित्री एकटक पाहत होते. त्यांचे ओठ हलत होते. तिने बर्फ सोडला तेव्हा ते थांबले. मग त्यांनी मघाचा पापुद्र्याचा ग्लास जवळ ओढला.

"तो टाकून देते, बाबा."

"राहू दे. माझा आहे," ते म्हणाले आणि सावकाश प्यायले.