हळू न कापणारी सुरी

मी हिऱ्याची सुरी बोलतेय. नखाएवढी आहे, पण माझ्या नादी लागू नका. छत्रपती संभाजीनगरच्या एका प्रयोगशाळेत मी मांस कापते. एका केसाच्या जाडीत माझे हजारभर काप बसतात.

माझ्यापुढे येईपर्यंत मांसाचे पुरेसे हाल झालेले असतात. विषारी रसायनात त्याला काळंठिक्कर करतात, दारूत बुडवून पाण्याचा थेंब न थेंब ओढून घेतात, राळेत पुरून भट्टीत टणक करतात. उरलेलं मी बघते. माझ्या कापांचे फोटो सूक्ष्मदर्शकाखाली काढून एकावर एक रचले, की आतलं सगळं उभंआडवं दिसतं. धार जरा कचरली, की काप फाटतात; मधले काप फाटले तर चित्र तुटतं.

खंडेनवमीला माझी पूजा होती. मला सांभाळणाऱ्या सायलीची आई, सरूबाई, दौलताबादहून कुंकू घेऊन आली. मी बसते त्या यंत्रात सायलीच्या धाकट्या भावाच्या, शिवराजच्या, मांडीचा तांदळाएवढा तुकडा बसवला होता. पोराचे स्नायू झिजत चालले होते. रोग ओळखला तरच औषध ठरणार होतं. त्याचा श्वास इतका अपुरा, की डॉक्टर पुन्हा मांडी चिरायला धजत नव्हते.

सायली यंत्राला फुलं वाहत होती.

“बाई, हळू काप गं. माझ्या लेकराचं मास हाय,” म्हणत सरूबाईनं थेट माझ्या धारेलाच कुंकू लावलं.

“आई, हात नको लावू!”

उशीर झाला होता. मी तिचं बोट खोल चिरलं. तिनं हात हिसडला, अंगठी माझ्यावर आदळली आणि माझी धार मधोमध फुटली. असा संताप आला मला!

सायलीनं बोटाला पट्टी गुंडाळली, पण तोंड आवरलं नाही. “काय केलंस हे? शिवाचा जीव हिच्यावर हाय ना!”

“मला काय म्हाईत गं...” सरूबाई भिंतीला टेकून खाली बसली.

दुसरी सुरी नव्हती. सायलीनं मला धुतलं, बाजूला सरकवलं आणि डावीकडच्या शाबूत धारेपुढे भावाला आणलं. मी त्याच्यावर तुटून पडले. रागच होता तो. एकही काप फाटला नाही.

रोग सापडला, औषध लागू पडलं. सुरी कुणी फोडली असं प्रयोगशाळेच्या साहेबांनी विचारलं, तेव्हा सायली म्हणाली, “माझ्या हातून.”

आता माझी धार घासून नवी काढायला मला पाठवतायत. खाचेत धुऊनही न निघालेलं सरूबाईचं रक्त वाळलंय, तेही जाईल. पुढच्या नवमीला फूल लांबूनच वाहा, मला शिवू नका. आणि सरूबाई, तू हळू काप म्हणालीस. मला हळू येत नाही. आलं असतं, तर तुझं पोर आज नसतं.