चौकशीसाठी संपर्क

सुरत जिल्ह्याला समुद्र आहे हे जगाला ओरडून सांगायचं काम ज्या सरकारी कचेरीकडे होतं, तिथे मराठी येणारी एकटी चंचलच. म्हणून सुवालीच्या सागर महोत्सवाचं मराठी पत्रक तिच्या गळ्यात पडलं. साहेबांचं म्हणणं सरळ होतं: खानदेशातल्या लोकांना मुंबईपेक्षा सुरतेचा समुद्र जवळ, मग ते आलेच पाहिजेत. "सीधी-सादी भाषा रखना, बेन," एवढं बजावून ते मोकळे झाले.

पत्रकात नवीन काय असणार! स्टेशनवरून बस, कपडे बदलायला खोल्या, प्यायचं पाणी, जीवरक्षक. चंचलने ते निमूट लिहिलं आणि शेवटी एक ओळ पदरची घातली: 'ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी बांधून आणा, पण खाताना वाऱ्याकडे पाठ करा, नाहीतर घासागणिक वाळू.' साहेबांना मराठी कुठे कळत होतं? पत्रक छापून गेलं.

ती ओळ एकाच बाईसाठी होती. लहानपणी कापडाच्या लूमला सुट्टी असताना तिथे कामाला असलेले वडील दगा हे दोघी बहिणींना सुरतेतल्या गोडादऱ्याच्या घरातून एकदाच डुमसच्या समुद्रावर घेऊन गेले होते. त्या दिवशी थोरल्या योगिताने वाळू चावत चावत चंचलचीही भाकरी संपवली. पुढे योगिताने आपल्या मनाने लग्न ठरवलं, आणि चंचलला कुठला शहाणपणा सुचला कोण जाणे, तिने ते वडिलांच्या कानावर घातलं. दगांनी दार लावलं ते लावलंच. योगिता अमळनेरला गेली, तिने नंबर बदलला. वडील वारले तो निरोपही तिला पोचला की नाही, कळलं नाही. योगिता गेली त्याला नऊ वर्षं झाली. चंचलला बहिणीची आठवण यायची असं म्हणणं फार तोकडं आहे. भाजी निवडता निवडता तिचा जीव तिकडे ओढ घ्यायचा.

म्हणून तिने अमळनेर स्टेशनवर दुप्पट पत्रकं लावून घेतली, आणि 'चौकशीसाठी संपर्क' याखाली आपल्याच टेबलाचा नंबर दिला.

फोन आले, ढीगभर आले. कुणाला गाडी लावायला जागा हवी होती, कुणाला उंटावर बसायचं होतं. नंदुरबारच्या एका काकांनी तर समुद्र किती वाजता उघडतो म्हणून विचारलं. प्रत्येक घंटीला चंचल खुर्चीतून अर्धी उठायची आणि पुन्हा बसायची.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीआधी आणखी एक फोन आला.

"अमळनेरहून बोलतेय. स्टेशनवरून बस मिळेल ना, मॅडम?"

आवाज थोडा जाड झाला होता, पण तोच. आपण नाव सांगितलं आणि तिने फोन ठेवून दिला तर? तिने बसच्या वेळा सांगितल्या. खोल्यांचं सांगितलं, पाण्याचं सांगितलं. पलीकडची बाई मध्ये मध्ये हं म्हणत सगळं ऐकून घेत होती.

"सोबत सात वर्षांची मुलगी आहे," ती म्हणाली. "तिने समुद्र पाहिलेला नाही. पाण्यात जाताना तिचा हात धरायला कुणी असतं का?"

आपल्याला एक भाची आहे हे चंचलला असं, चौकशीच्या फोनवर कळलं.

"मावशी आहे ना," ती कसंबसं म्हणाली.

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. मग योगिता बोलली, त्यांच्या गोडादऱ्याच्या घरातल्या अहिराणी बोलीत.

"रडू नको. शनवारनी गाडी धरस मी."